फिक्का चहा

बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला आणि अंजनाच्या मनानं, तिला न विचारताच, नोंद करून टाकली: हा दुसऱ्या गटातला. टपरीवाला! ज्याच्या पातेल्यात सकाळपासून साखर नुसती ओतली जाते, ज्याचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं, जो कुठल्या अभ्यासात नव्हता आणि कधी असणारही नव्हता, त्याला तिनं उभ्याउभ्या एका गटात बसवून दिलं होतं. ती दचकली, आणि कपातला चहा बोटांवर सांडला. शेजारी एक गृहस्थ खांद्याला पिशवी अडकवून उभे होते. ते म्हणाले, "बिनसाखरेचा द्या हो एक," आणि अंजनाची नजर सरळ त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेली. पट्टा एखादं भोक आत घेतलाय का? घेतला असणार. पहिल्या गटातलं माणूस. त्या गृहस्थांनी तिच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं, आणि बरोबरच होतं, चाळिशी उलटलेली बाई भर चौकात परक्या पुरुषाच्या पोटाकडे टक लावून बघते म्हणजे काय. अर्धा चहा तसाच फळीवर ठेवून ती निघाली.

दमणुकीनं असं होतं, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. मुरगूडहून येताना कागलच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात कलंडली होती आणि बस तासभर एका जागी उभी होती. हंगाम चालू होता, सगळ्या रस्त्यांवर ऊस, सगळ्या हवेत मळीचा आंबूस वास. ज्या जिल्ह्यात कारखान्याच्या सभासदाला स्वस्तातली साखर पोत्यानं घरी येते, त्या जिल्ह्यात साखर कमी करा म्हणून सांगत फिरायचं ही कल्पनाच मुळात कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, असं तिला पूर्वी वाटायचं आणि हसू यायचं. आता हसू येत नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं. अप्पा वाट बघत असतील. दिवस मावळला की ते तोंडात पाण्याशिवाय काही घालत नाहीत, ती लहान होती तेव्हापासून नाहीत, आणि संध्याकाळचा चहा मात्र ती आल्याशिवाय घेत नाहीत. म्हणजे तिच्या बसचं आणि सूर्याचं रोज भांडण आणि मध्ये एका म्हाताऱ्या माणसाचा चहा. शाहूपुरीतलं घर तिथून चालत जाण्यासारखं होतं. पण पाय उचलत नव्हते, कारण घरी जाण्याआधी तिला एक फोन करायचा होता आणि तो करायचं धाडस होत नव्हतं.

प्रोजेक्ट तसा साधा होता. मुरगूड, नेसरी, आजरा अशा तीन भागांतली घरं निवडली होती, साखरेच्या आजाराच्या उंबरठ्यावर असलेल्या बायकांची. पुण्यात कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची वाटणी केली. अर्ध्या घरांत गावातलीच एक शिकवलेली बाई दर आठवड्याला जाऊन बसायची, गप्पा मारायची, चहातली साखर हळूहळू कशी कमी करायची ते दाखवायची. उरलेल्या अर्ध्या घरांतही तशीच एक बाई तेवढाच वेळ बसायची, पण ती दातांची निगा कशी राखावी ते सांगायची. नुसतं कुणीतरी येऊन आस्थेनं बोलल्यानंसुद्धा माणूस सुधारतं, तेव्हा तो फायदा दोन्हीकडे सारखा व्हावा, म्हणून हे दातांचं. आणि कुणाकडे साखरेची बाई जाते, कुणाकडे दातांची, हे अंजनाला कळता कामा नये. ती मापं घेणारी. वजन, रक्तदाब, कमरेचा घेर, आणि खाण्यापिण्याचे प्रश्न. ट्रेनिंगच्या दिवशी प्रोजेक्टचं इथलं काम बघणारे विश्वजित सर म्हणाले होते, "ताई, तुम्हाला आम्ही मुद्दाम आंधळं ठेवणार आहोत. राग मानू नका. ज्याला माहीत असतं त्याला पाहिजे ते दिसायला लागतं, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. गट कळला तर त्याच दिवशी मला फोन करा, बोलणी बसणार नाहीत." सगळे हसले होते. कुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही, हा नियमही त्याच दिवशी सांगितला होता, कारण एका कपात अख्खं गुपित उघडं पडलं असतं. तेव्हा तिला तो नियम फार हुशारीचा वाटला होता.

पण हा नियम ज्यानं केला तो कोल्हापूरकडच्या कुणाच्या सोप्यात जाऊन बसला नसावा. पहिल्या फेरीत अंजनानं पाळला. "नको, चहा नको, पाणी माझ्याजवळ आहे," असं ती प्रत्येक घरी हसून म्हणाली, आणि प्रत्येक घरी माणसं गप्प झाली. विचारलेल्या प्रश्नांना हो नाहीपलीकडे उत्तर येईना. शेवटी मुरगूडच्या चिमणाबाईनं तोंडावर विचारलं. साठीची बाई, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. "बाई, एक इचारू? तुमी जैनाच्या न्हवं? आमच्यातलं पाणी चालत न्हाय व्हय तुमाला?" आणि सोप्यावर बसलेला तिचा नवरा हंबीरराव पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "अगं, इचारतीस कशाला. चालत नसंल तर नसंल." अंजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात तिनं कुणाच्या घरचं पाणी नाकारलं नव्हतं. तिची आजी नाकारायची, आणि त्याची तिला लहानपणी एवढी लाज वाटायची की शाळेत ती मुद्दाम मैत्रिणींच्या डब्यातलं खायची. आता सरकारी वाटावी अशा पिशवीतून टेप आणि काटा घेऊन आलेली तीच बाई आजीसारखी पाण्याची बाटली दाखवत होती. "अहो तसं काही नाही, द्या की चहा," ती म्हणाली, आणि प्यायली. त्या दिवशी चिमणाबाई तासभर बोलली. मग नेसरीला, मग आजऱ्याला, सगळीकडे ती चहा घ्यायला लागली. सरांना सांगितलं नाही. एवढ्याशा चहाचं काय सांगायचं, असं तेव्हा वाटलं. आणि जिभेला जे कळायचं ते कळत गेलं. इथे गोड, इथे नेहमीसारखा गोड, इथे जरा कमी, इथे फिक्का. तिनं कळू नये म्हणून प्रयत्न केले, घोट न चाखता गिळायचे, बोलण्यात लक्ष गुंतवायचं. पण जिभेला डोळ्यांसारख्या पापण्या नसतात, मिटायच्या कशा.

आज सकाळी ती चिमणाबाईकडे गेली तेव्हा चुलीवर चहा आधीच चढला होता. "या, बसा. आधी च्या घ्या, मग काय फीत लावायची ती लावा," चिमणाबाई म्हणाली आणि कप पुढे करताना थोडी ओशाळली. "फिक्का हाय बरं का. नावं ठिवू नगा." घोट घेतला, खरंच फिक्का होता. पाहुणीला फिक्का चहा देणं म्हणजे त्या घरानं किती मोठी उडी मारली होती! अंजनाच्या पोटातून आनंद वर आला, अगदी खराखुरा, लहान पोराला पहिल्यांदा पाऊल टाकताना बघून येतो तसा. मग तिनं टेप काढली, चिमणाबाईच्या कमरेभोवती फिरवली, आकडा बघितला. एक्क्याण्णव. मनात आलं, असं कसं? पोट कमी दिसतंय की. लुगड्याचा घोळ मध्ये आला असणार. "जरा सरळ उभ्या राहा, मावशी," ती म्हणाली, टेप पुन्हा लावली, आणि या वेळी आकडा एकोणनव्वद आला. तिनं तो लिहिला. लिहिताना तिचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटांकडे गेलं. ताणून धरल्यामुळे ती पांढरी पडली होती. टेप सुटल्यावर चिमणाबाईनं एक मोठा श्वास घेतला. बाहेर हंबीरराव कुणाला तरी ओरडून सांगत होता, ट्रॉली कवा येणार हाय म्हणून. "फुडच्या टायमाला येशीला तवा काकवी देतो तुमच्या अप्पास्नी," चिमणाबाई म्हणाली, मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. "या बया, त्येंना चालत न्हाय न्हवं? शेंगा देतो मग." तिला अप्पांचं सगळं ठाऊक होतं. इतक्या फेऱ्यांमध्ये अंजनानंच सांगितलं होतं, मापं घेणाऱ्यानं सांगू नये ते सगळं.

बसमध्ये तासभर, उसाच्या त्या कलंडलेल्या ढिगाकडे बघत, तिनं मागची सगळी घरं आठवून बघितली. फिक्क्या चहाच्या घरांत ती दोनदा टेप लावायची, आणि गोड चहाच्या घरांत एकदाच. गोड चहाच्या घरांत टेप अंगावर सैल पडायची, जो आकडा येईल तो यायचा, आणि तो आकडा तिला पटायचा. हे कधीपासून? कुणास ठाऊक. तिनं कुठे ठरवून केलं होतं? एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. टेपवर होता तोच लिहिला होता. आणि तरी सगळं खोटं होतं. या जाणिवेनं ती आतून गळून गेली होती. रडू येईल असंही नाही, चीड येईल असंही नाही, नुसता शिणवटा, हाडांपर्यंत गेलेला. सरांना फोन केला तर शेवटच्या फेरीत सगळी मापं बाद होतील, तिला काढून टाकतील, ते एक. पण खरी भीती वेगळी होती. कदाचित तिच्या बोटांनी ओढून आणलेलं तेवढं सोडलं तर दोन्ही गटांत काहीच फरक नसेल. आठवड्याच्या आठवड्याला जाऊन बसा, मायेनं बोला, समजावून सांगा, आणि माणूस होतं तिथेच. असा निकाल आला तर तो अंजनाला नको होता. बरोबर टेप धरून आलेला असला तरी नको होता, कारण घरी अप्पा होते.

अप्पा म्हणजे तवनाप्पा, गुळाचे जुने अडते. चाळीस हंगाम ते मार्केट यार्डात ढेपा फोडून चाखत बसले, दिवसाला शंभर ढेपा तरी. जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि भाव सांगायचे. ती शाळेतून परस्पर दुकानात जायची तेव्हा त्यांच्या बोटांना, सदऱ्याला, मिशीला गुळाचा वास असायचा, आणि अजूनही कुठे गूळ उकळत असला की तिला वडील जवळ असल्यासारखं वाटतं. त्या धंद्यानं घर उभं केलं आणि त्याच धंद्यानं पायाचं बोट नेलं. दोन वर्षांपूर्वी बोट काढलं, तेव्हा दवाखान्यात अप्पा पहिल्यांदाच घाबरलेले दिसले होते, आणि घरी आल्यावर म्हणाले होते, सोडली साखर. तिनं विश्वास ठेवला असता. पण आठ दिवसांतच त्यांच्या कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा सापडला. त्या दिवसापासून ती डोळ्यात तेल घालून बसली. खिसे बघायची, उशीखाली बघायची, साखरेच्या डब्याची पातळी मनात धरून कामाला जायची आणि आल्यावर बघायची. डबा रोज उतरलेला असायचा. थोडासाच, पण उतरलेला. मग ती काही न बोलता झाकण जरा जोरात लावायची, आणि अप्पा काही न बोलता पेपर वाचत राहायचे. मध्यंतरी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तिनं डॉक्टरांना सांगितलं, गोळी बदलल्याचा गुण आला. डॉक्टर म्हणाले, असेल. मुरगूडची चिमणाबाई सुधारू शकते तर अप्पाही सुधारतील, आज ना उद्या, असं ती प्रत्येक फिक्क्या कपाबरोबर स्वतःला सांगायची. त्या बायकांच्या कमरेवर तिनं वडिलांचं आयुष्य मोजायला घेतलं होतं, आणि तिथे टेप सैल कशी राहणार.

घराचं फाटक लोटलं तेव्हा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन फक्त पाण्याच्या टाकीला लागून राहिलं होतं. अप्पा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, काढलेल्या बोटाचा पाय जरा पुढे ठेवून बसले होते. ओट्यावर दोन कप, दोन्हींवर बश्या झाकलेल्या. रोज तिच्याच कपावर बशी असते. आज उशीर झाला म्हणून त्यांनी दोन्ही झाकले असावेत. "भाकरी खाल्ली मी, गोळी घ्यायची असती," अप्पा म्हणाले. "च्या तेवढा ठेवलाय. घे लवकर, दिवस चालला." तिनं पिशवी खाली टाकली, हाताला लागला तो कप उचलला आणि उभ्यानंच एक घोट घेतला. फिक्का. अजिबात साखर नाही. टपरीवर बोललेलं मन पुन्हा बोलायला लागलं आणि मध्येच अडखळलं. तिला वाटलं, विसरले बिचारे. तिनं साखरेच्या डब्याकडे हात नेला.

"त्यो माझा हाय," अप्पा म्हणाले. "तुझा ह्यो."

"तुमचा? यात साखर नाही."

"न्हायच की."

ती कप हातात धरून उभी राहिली. "कधीपासून?"

"झालं की आता. बोट काढल्यापासनं."

"आणि तो गूळ? कोटातला?"

अप्पांनी क्षणभर आठवलं. "त्यो व्हय. यार्डात गेलतो, म्हादूनं नमुना दिलता, भाव सांग म्हणून. खाल्लो असतो तर खिशात कशाला ऱ्हायला असता, अक्का?"

"मग डबा कसा उतरतो रोज?" तिचा आवाज चढला होता, भांडायला उभं राहिल्यासारखा. आपण हरावं अशी मनोमन इच्छा असताना माणूस भांडतं, तसा.

"तुझ्या च्यात जाती की. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. दमून येतीस म्हणून जरा जास्तीच घालतो."

ओट्यावरचा दुसरा कप तिनं उचलला, ओठाला लावला. गोड होता, टपरीवरच्यासारखा, रोजच्यासारखा. दोन वर्षं ती स्वतःच हा पीत होती आणि रिकामा होत चाललेला डबा बघून वडिलांवर झाकण आपटत होती. "मला सांगायचं नाही का, अप्पा?"

"सांगितलं की. पयल्या म्हैन्यातच सांगितलं." ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते, हेच तिला सोसेना. "तू खिसं बघितलीस. मग म्हटलं, बघू दे. बघून झालं म्हंजे इचारंल."

अंजना खुर्चीवर बसली. तिथे खोटी आशा आणि इथे खोटा संशय, आणि दोन्हीकडे तिला वाटत होतं की आपल्याला दिसतंय ते खरं आहे. आणि चिमणाबाईचा आजचा फिक्का चहा तरी कशाचा होता? तिला गट कळला होता, की नुसती चिमणाबाईच्या घरची साखर संपली होती? हंबीरराव पोतं आणायला गेला नसेल. पाहुणीपुढे साखर संपली म्हणायची लाज वाटली असेल. ते ओशाळं हसू त्याचंच असेल. काहीच माहीत नव्हतं तिला, आणि तेवढ्यावर हात मात्र चालला होता. तिनं फोन काढला. आता धाडसाचा प्रश्नच उरला नव्हता. विश्वजित सरांनी लगेच उचलला.

"सर, मी चहा घेते. सगळ्या घरांत घेते, पहिल्या फेरीनंतर."

"बरं," सर म्हणाले, आणि पुढे काय येणार हे त्यांना कळलं असावं.

"मला गट कळतो असं वाटतं. तो बरोबर असेलच असंही नाही. पण टेप त्याप्रमाणे ओढली जाते. आज माझी मीच बघितली."

"अंजनाताई, शेवटची फेरी चालू आहे हो. पुण्याला मी काय सांगू?"

"मी चहा घेतला, असं सांगा."

ते हसले असावेत किंवा सुस्कारा असेल, कळलं नाही. "उद्यापासून जाऊ नका कुठे. मुरगूड नको, आजरा नको. दुसऱ्या कुणालातरी पाठवतो, या फेरीची मापं नव्यानं घ्यावी लागतील. मागच्यांचं बघू, सोडून द्यावी लागतील बहुतेक. मग निकाल काय येईल तो येईल."

"सर, चिमणाबाईंना निदान एक निरोप..."

"नाव सांगू नका मला," सर घाईघाईनं म्हणाले. "कुणाच्या घरी काय प्यायलात तेही नको. मलाही कळता कामा नये." आणि मग जरा हळू, "फोन केलात ते बरं झालं." फोन बंद झाला.

म्हणजे पुढच्या आठवड्यात चिमणाबाईच्या सोप्यात कुणी दुसरी बाई पाण्याची बाटली घेऊन बसेल. चिमणाबाई शेंगा बांधून ठेवेल, रस्त्याकडे बघेल, आणि हंबीररावला म्हणेल, फिक्का च्या दिला म्हणून रागावली वाटतं बाई. तिला कुणी खरं सांगणार नाही. अंजनाला या एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटलं, नोकरीपेक्षाही जास्त, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

अप्पांनी सगळं ऐकलं होतं. तिनं त्यांचा कप त्यांच्यापुढे सरकवला, एक घोट कमी झालेला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. टाकीवरचं ऊन गेलं होतं.

"मावळला," अप्पा म्हणाले. "आता ऱ्हाऊ दे. तूच पी."

"अप्पा, तुम्हाला साखर सोडायला फार जड गेलं का?" तिनं विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं होतं.

"लई," ते म्हणाले, आणि सांगायला लागले.

तिनं गोड कप बाजूला ठेवला आणि त्यांचा उचलला. चहा पार गार झाला होता, वर साय धरली होती. ऐकता ऐकता अंजना तो शेवटपर्यंत प्यायली, आणि डब्याकडे तिनं बघितलं नाही.